श्रेष्ठिचत्वरातलं घर : 'मृच्छकटिक' एका पेढीची गोष्ट म्हणून

'मृच्छकटिक' म्हटलं की आपल्या मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे वसंतसेना येते. त्यात चूक काही नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक संगीत रंगभूमीवर आणलं, पुढे बालगंधर्वांनी वसंतसेना केली, आणि नाटक तिचंच होऊन गेलं. चारुदत्त म्हणजे तिनं ज्याच्यावर प्रेम केलं तो गरीब, उदार, जरासा हळवा ब्राह्मण. एवढीच त्याची ओळख उरली. मूळ संस्कृत नाटक सावकाश, अंक अंक करत वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की शूद्रकानं हा माणूस नुसता ब्राह्मण म्हणून उभा केलेला नाही. सूत्रधार त्याची ओळख 'द्विजसार्थवाह' अशी करून देतो. सार्थवाह म्हणजे तांड्याचा व्यापारी. आणि दहाव्या अंकात चांडाळ त्याला वधस्थानाकडे नेताना जी दवंडी पिटतात तिच्यात तो सार्थवाह विनयदत्ताचा नातू, सागरदत्ताचा मुलगा. तीन पिढ्यांची पेढी आहे ही. नवव्या अंकात त्याच्या घराचा पत्ता विचारला जातो तेव्हा उत्तर मिळतं, श्रेष्ठिचत्वर. आजच्या भाषेत सांगायचं तर सराफ्यातलं घर.

आपण माळव्यात राहणारे लोक. उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जातो, क्षिप्रेवर जातो, फार तर वेधशाळा बघतो. गढकालिकेच्या बाजूला जुन्या उज्जयिनीच्या मातीच्या तटाचे उंचवटे आहेत, तिकडे कमी जण वळतात. १९५६ ते ५८ या काळात तिथं उत्खनन झालं. ह्या तटाच्या आतलं शहर कशावर जगत होतं हे पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषेतला प्रवासग्रंथ, 'पेरिप्लस', सांगून जातो. ओझेनी, म्हणजे आपली उज्जयिनी, तिथून अकीक आणि सुती कापड बारिगाझाला, म्हणजे भडोचला, उतरायचं. उत्तरेकडून येणारी सुगंधी द्रव्यंही ह्याच वाटेनं खाली जायची. हा माल नेणारे जे तांडे होते त्यांचा म्होरक्या तो सार्थवाह. ब्राह्मणानं हा धंदा करावा का, असा प्रश्न पडेल. आपत्काळी वैश्याची उपजीविका करायला मनुस्मृतीनं मोकळीक दिली आहे. पण विनयदत्ताच्या घराण्याची ती आपत्काळातली सोय वाटत नाही, ती सरळ वडिलोपार्जित वृत्ती वाटते.

आता गंमत अशी की दहा अंकांत एकही तांडा निघत नाही. बैलगाड्या आहेत, पण त्या वसंतसेनेला बागेत नेण्यासाठी आणि गाड्यांची अदलाबदल होऊन गोंधळ उडण्यासाठी. चारुदत्त व्यापार करताना दिसत नाही. मग पैसा गेला कुठे? बुडाला नाही, वाटला. आणि नुसता याचकांना वाटला असंही नाही. न्यायालयात मैत्रेय चिडून विचारतो की ज्यानं वसाहती, विहार, बागा, देवळं, तळी, विहिरी आणि यज्ञस्तंभ उभारून ही नगरी सजवली तो दागिन्यांसाठी खून करेल का? ही यादी मी दोनदा वाचली. माझी नोकरी बांधकामात गेली, तेव्हा तळ्याला आणि विहिरीला काय लागतं हे मला कागदाबाहेरही ठाऊक आहे. चारुदत्ताचं भांडवल नाहीसं झालं नव्हतं, ते शहराच्या दगडाविटांत जाऊन बसलं होतं. फक्त त्यावर व्याज येत नव्हतं, आणि उपकृत लोक ओळख द्यायला येत नव्हते. पहिल्या अंकात तो गरिबीबद्दल जे बोलतो त्याचा सूर हाच आहे: पैसा गेल्याचं दुःख नाही, पाहुणे दार चुकवून जातात त्याचं आहे.

शूद्रकानं हा माणूस एका बारीक हालचालीत दाखवलाय. दुसऱ्या अंकात वसंतसेनेचा सुटलेला हत्ती कर्णपूरक आवरतो. बघ्यांमधला कुणी एक बक्षीस द्यायला हात वर नेतो, जिथं जिथं दागिने असायचे त्या जागा चाचपतो, तिथं काही नाही, सुस्कारा टाकतो आणि अंगावरचं उपरणं त्याच्याकडे फेकतो. कर्णपूरक येऊन हे सांगतो आणि त्या उपरण्यावरून वसंतसेनेला कळतं तो कोण. श्रीमंत घराण्यातल्या वारसाची सवय आणि रिकामा हात, दोन्ही एका वाक्यात.

ह्या माणसाकडे वसंतसेना दागिने ठेवायला देते. वरवर ते परत भेटण्याचं निमित्त आहे, पण ती जे बोलते ते पेढीवाल्याच्या काळजाला हात घालणारं आहे. तो म्हणतो, हे घर ठेव ठेवण्याजोगं राहिलं नाही. ती म्हणते, ठेव माणसापाशी ठेवतात, घरापाशी नव्हे. सराफ्यात उठबस असलेल्या कुणालाही ह्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. पत म्हणतात ती हीच. ज्याच्याजवळ काही उरलं नाही त्याला ती बाई सांगतेय की तुझी पत अजून आहे. प्रेमाची याहून मोठी कबुली ह्या नाटकात दुसरी नाही असं माझं मत आहे, आणि पाचव्या अंकातल्या पाऊसपाण्याची लांबलचक वर्णनं त्यापुढे मला फिकी वाटतात. रसिकांना हे पटणार नाही, चालेल.

मग चोरी होते. शर्विलकाच्या घरफोडीचा प्रसंग शाळेत विनोदी म्हणून सांगतात. तो विनोदी आहेच, पण माझ्यासारख्याला तो कामाच्या पाहणीचा अहवाल वाटतो. भिंत कुठे पाण्यानं ओली होऊन सैल झालीये, कुठे खार लागून वीट झिजलीये, पडलेल्या मातीचा आवाज होणार नाही ना, हे तो आधी तपासतो. पक्क्या विटांची भिंत असेल तर विटा ओढून काढायच्या, कच्च्या विटांची असेल तर कापायची, मातीच्या ढेकळांची असेल तर भिजवायची, लाकडाची असेल तर फोडायची. भोकाचे आकारही ठरलेले, कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ वगैरे. इथं पक्की वीट आहे म्हणून पूर्णकुंभ शोभेल असं तो ठरवतो. मोजायची दोरी घरी राहिली म्हणून जानवं काढून त्यानं माप घेतो. बांधकामाच्या साहित्याचा इतका नेमका तपशील संस्कृत नाटकांत मला दुसरीकडे भेटला नाही. श्रेष्ठिचत्वरातलं घर पक्क्या विटांचं होतं आणि ते निगराणीअभावी खारानं खाल्लं होतं, हेही आपल्याला चोराकडूनच कळतं. आत गेल्यावर त्याला मृदंग, वीणा, बासरी, पोथ्या दिसतात. क्षणभर त्याला वाटतं की हा नाट्याचार्य वगैरे आहे की काय. एका व्यापाऱ्याच्या घरात चोराला वहीखातं दिसत नाही, वाद्यं दिसतात. घरातली जप्तीची यादीच म्हणा ना!

पुढचं मात्र नीट बघायला हवं, कारण माझ्या मते नाटकाचा खरा पेच इथं आहे. ठेव चोरीला गेली. मनुस्मृतीचा आठवा अध्याय ह्याबाबत स्वच्छ आहे: ठेव चोरांनी नेली, पाण्यानं वाहून गेली किंवा आगीत जळाली, आणि ठेवून घेणाऱ्यानं त्यातून स्वतः काही काढलं नसेल, तर भरपाई देण्याचं बंधन नाही. म्हणजे कायद्यानं चारुदत्त सुटलेला आहे. तो मूर्च्छित होतो ते बंधनामुळे नाही. खरं सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार, गरीब माणसावर संशय घेणं लोकांना सोपं जातं, ही भीती आहे. मैत्रेय म्हणतो, सरळ नाकारू, कुणी दिलं, कुणी घेतलं, साक्षीदार कोण? तो ते फेटाळतो. खोटं बोलणार नाही, भीक मागेन पण ठेव फेडेन, म्हणतो. आणि लगेच खोटं बोलतो. वसंतसेनेला निरोप जातो की दागिने मी आपलेच समजून जुगारात हरलो, त्याबदल्यात ही रत्नमाला घे.

टीकाकार हे त्याच्या थोरपणाचं उदाहरण म्हणून देतात. मला ते तितकं साधं वाटत नाही. चोरी झाली म्हटलं तर देणं उरत नाही पण पत जाते. जुगारात हरलो म्हटलं तर अब्रू जाते, पण देणं उभं राहतं आणि ते फेडून पत राखता येते. तो अब्रू विकून पत विकत घेतो. हा हिशेब आहे, आणि तो व्यापाऱ्याच्या नातवाला शोभणारा आहे. फक्त त्या हिशेबात भांडवल कुणाचं? रत्नमाला धूतेची, त्याच्या बायकोची, माहेराहून आलेली. तिनं रत्नषष्ठीच्या व्रताचं दान म्हणून ती मैत्रेयाच्या हाती दिली, नवऱ्याला घ्यायला लाज वाटू नये म्हणून. त्याला लाज वाटतेच. बायकोच्या धनावर तगणं त्याला पुरुषपण गमावल्यासारखं वाटतं. पण तो ती घेतो आणि पाठवून देतो. स्त्रीधन घरातल्या कर्जात जाणं ही गोष्ट आपल्या आज्यापणज्यांच्या कागदपत्रांतही अनोळखी नाही. फरक एवढाच की इथं कर्जाची धनको गणिका आहे.

आता 'निषिद्ध' ह्या शब्दाकडे येतो. चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रेमात निषिद्ध नेमकं काय होतं? नागरकानं गणिकेकडे जाणं त्या समाजाला अमान्य नव्हतं, वात्स्यायनानं त्यावर आख्खं अधिकरण लिहिलंय. निषिद्ध होतं ते तिनं आत येणं. 'आत' हा शब्द मी बांधकामाच्या अर्थानं वापरतोय. चारुदत्ताचं घर चौसोपी आहे. बाहेरच्या भागात मित्र, ठेवी, वाद्यं. आतल्या चौकात धूता आणि रोहसेन. पहिल्या अंकात अंधारात चारुदत्त वसंतसेनेला दासी रदनिका समजतो आणि मुलाला आत घेऊन जा म्हणतो. ती जागच्या जागी उभी. मनाशी म्हणते की तुझ्या घराच्या आतल्या भागाचं भाग्य माझ्या वाट्याला नाही. सहाव्या अंकात ती सकाळी जागी होते आणि विचारते, मी आतल्या चौसोप्यात आले का? म्हणजे पाच अंकांत ती उंबरठ्यापासून आतल्या चौकापर्यंत पोचली. ह्या नाटकाचा आराखडा काढायचा झाला तर मी घराचा नकाशा काढून त्यावर तिची पावलं दाखवीन, अंक दाखवणार नाही.

आत आल्यावर जे घडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रोहसेन रडतोय, रदनिकेनं मातीची करून दिलेली त्याला नकोय. ही तुझी आई, असं रदनिका वसंतसेनेकडे दाखवून म्हणते, तर पोरगा म्हणतो, खोटं, आई असती तर अंगावर दागिने कसे? ती दागिने उतरवते आणि मातीच्या गाडीत भरते. ह्या प्रसंगाचं कौतुक नेहमी वात्सल्य म्हणून होतं. मला मुलाच्या वाक्यात घरची ताळेबंदाची नोंद ऐकू येते: आमच्या घरात आईच्या अंगावर दागिने नसतात. त्याच सकाळी वसंतसेना रत्नमाला धूतेकडे परत पाठवते, धाकट्या बहिणीच्या नात्यानं, आणि धूता ती परत घेत नाही. माझ्या नवऱ्यानं तुम्हाला दिलंय, माझा दागिना म्हणजे माझा नवरा, असा तिचा निरोप. आदर्श पत्नीचं उत्तर म्हणून हे वाचायचं तर वाचा. मला त्यात थोडा काटा दिसतो. ती गणिकेला एवढंच कळवते की माल तुझा, मालक माझा.

ह्या दोन बायका असे थेट व्यवहार करत असताना चारुदत्त कुठे आहे? बागेत. दोघींमध्ये निवड करण्याची वेळ त्याच्यावर येते ती एकदाच, नवव्या अंकात, आणि ती न्यायालयात. शकारानं वसंतसेनेचा गळा दाबला आहे आणि खुनाचा आरोप चारुदत्तावर ठेवला आहे. न्यायासनावर अधिकरणिक, त्याच्या सोबत श्रेष्ठी आणि कायस्थ. ही रचना कवीच्या डोक्यातली नाही. बंगालमधल्या दामोदरपूरच्या गुप्तकालीन ताम्रपटांत जिल्ह्याच्या अधिकरणात नगरश्रेष्ठी, सार्थवाह, प्रथमकुलिक आणि प्रथमकायस्थ बसत असल्याचं नोंदलं आहे. बंगालचं जसंच्या तसं उज्जयिनीला लावता येणार नाही, पण सार्थवाहाची जागा कोणत्या बाजूला असायची ते त्यावरून कळतं. विनयदत्ताचा नातू ज्या बाकावर बसायचा त्याच्या समोर उभा आहे. आधी त्याला आसन देतात. नंतर ते काढून घेतलं जातं.

श्रेष्ठी आणि कायस्थ विचारतात, गणिका तुमची मैत्रीण आहे का? आणि हा माणूस लाजतो. ज्यानं ठेवीसाठी अब्रू पणाला लावली तो स्वतःच्या बिरादरीच्या माणसासमोर 'ती माझी आहे' एवढं म्हणू शकत नाही. कसं सांगू, असं तो म्हणतो, आणि मग तारुण्यावर दोष टाकतो, चारित्र्यावर नको. एवढा भित्रा कबुलीजबाब! ज्या बाईनं त्याच्यापाशी दागिने ठेवून त्याची पत शाबूत असल्याची ग्वाही दिली, तिची साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं ती वयाच्या खात्यावर मांडली. उलट वसंतसेनेची आई, जिला आपण कुंटीण म्हणून हसतो, तिच्यासमोर दागिने ठेवतात तर ती ओळख पटवत नाही, आणि माझी मुलगी गेली असेल तर गेली, हा तरी जगू दे, म्हणते. त्या दालनात पत राखणारी तीच एक आहे.

चारुदत्ताचा दोष मला इथं दिसतो, आणि शूद्रकाची ताकदही. भासाच्या नावावर असलेलं 'चारुदत्त' हे चार अंकी नाटक त्रावणकोरात सापडलेल्या पोथ्यांमधून गणपतिशास्त्र्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केलं. दोन्ही नाटकांचं नातं कसं लावायचं यावर विद्वानांची भांडणं आहेत, त्यात मी पडत नाही. पण त्या चार अंकांत प्रेम आहे, ठेव आहे, चोरी आहे, रत्नमाला आहे. मातीची गाडी नाही आणि न्यायालय नाही. मुलगा आणि बिरादरी, वारसाला ओढणाऱ्या ह्या दोन दोऱ्या शूद्रकाच्या नाटकात आहेत. त्या काढल्या तर एका रसिकाची प्रेमकथा उरते.

शेवट मात्र मला पळवाट वाटतो. वसंतसेना जिवंत परतते, पालक राजा मारला जातो, आर्यक गादीवर येतो आणि तो वसंतसेनेला 'वधू' ही पदवी देतो. चारुदत्ताला वेणेच्या काठची कुशावती मिळते. जे घरच्या कर्त्यानं उंबरठ्यावर उभं राहून म्हणायला हवं होतं ते राजाच्या हुकुमानं आलं. चौथ्या अंकात हेच उलट घडलं होतं: वसंतसेनेनं मदनिकेला दास्यातून सोडलं आणि शर्विलक चोर असून तिला उघडपणे वधू म्हणून गाडीत बसवून घेऊन गेला. चोराला जमलं ते शेटजींना जमलं नाही. धूतेच्या अग्निप्रवेशाच्या तयारीचा आणि दोघींच्या भेटीचा जो भाग शेवटी येतो, तो नीलकंठ नावाच्या कुणी नंतर घातल्याची नोंद पोथ्यांच्या परंपरेतच आहे. कुणाला तरी वाचताना वाटलं असणार की बायकोचं काय झालं ते सांगायचं राहिलं. वाचकाची ती अस्वस्थता मला त्या भागातल्या संवादांपेक्षा बोलकी वाटते.

गिरीश कार्नाड आणि शशी कपूर यांच्या 'उत्सव' चित्रपटानं १९८४ मध्ये उलटी वाट धरली. तिथं चारुदत्त बायकोकडे परततो आणि वसंतसेना आपल्या घरी, दारात पुन्हा संस्थानक. शुद्ध संस्कृतवाले तेव्हा नाराज होते. माझ्या मते तो शेवट अधिक प्रामाणिक आहे, पण अधिक गरीबही आहे, कारण चित्रपटातल्या चारुदत्ताच्या मागे पेढी जाणवत नाही. कशाच्या ओढीनं तो घरी परततो तेच कळत नाही. देवलांना हा विषय सोडवत नव्हता असं दिसतं. 'संशयकल्लोळा'तला अश्विनशेठ आणि नायकिणीची मुलगी रेवती, हीही शेठ आणि गणिकेचीच जोडी. तिथं त्यांनी तो पेच हसण्यावारी नेला, आणि प्रेक्षकांनी आनंदानं नेऊ दिला.

राहता राहिलं जानवं. तिसऱ्या अंकात शर्विलक त्यानं भिंत मोजतो आणि ब्राह्मणाला ते किती उपयोगी म्हणून थट्टा करतो. दहाव्या अंकात सुळाकडे जाताना चारुदत्त मुलाला काही द्यावं म्हणून स्वतःकडे बघतो. तोच हात, हत्तीच्या प्रसंगात रिकाम्या जागा चाचपणारा. ह्या वेळी गळ्यात जानवं सापडतं, तो ते काढून रोहसेनाला देतो. विनयदत्ताच्या तांड्यांपासून चालत आलेल्या पेढीची वारसाला मिळालेली शिल्लक एवढी. आणि ते पोरगं चांडाळांना म्हणतं, बाबाला सोडा, मला मारा.